अँटॉप हिल : नगरपुनर्रचना व पूरनियंत्रण

अँटॉप हिल : मुंबई बेटाच्या ईशान्य भागातील एक टेकडी व तिच्या पायथ्याशी विस्तारलेली दाट लोकवस्ती. हिच्या पश्चिमेस माटुंगा व किंग्ज सर्कल, उत्तरेस शीव-कोळीवाडा, दक्षिणेस वडाळा आणि पूर्वेस मिठागरे, खारफुटीची दलदल व माहुलची खाडी आहे. अंतोबा नावाच्या एका जमीनधारकावरून टेकडीस हे नाव पडले असावे, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. मुंबईतील नियोजित नगररचनेचा आरंभीचा एक मोठा प्रयोग ह्या टेकडीच्या पश्चिमेस झाला. तर पूर्वेच्या सखल भागात नियोजनावाचून वस्ती वाढत गेली. ह्या दोन भागांना पुन्हा जोडणे आणि दोहोंचे पावसाचे पाणी खाडीपर्यंत सुखरूप पोहोचविणे, हा येथील नगरपुनर्रचनेचा मुख्य प्रश्न होय. लोकांचा व पाण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी एकाच अडथळ्याने अडलेला असल्याने हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत.

प्राकृतिक रचना : बेटाच्या पूर्व भागातून काळ्या पाषाणाच्या टेकड्यांची एक तुटक रांग गेलेली आहे. शिवडी, अँटॉप हिल व शीव येथील उंचवटे हे तिचेच भाग होत. टेकड्यांच्या दरम्यानची व पूर्वेकडील जमीन मुळात भरतीच्या पाण्याखाली जाणारी होती. तेथे बांध घालून मिठागरे करण्यात आली. कोकरी आगार व कोरबा मिठागर ही आजच्या दाट वस्त्यांची नावे त्याची साक्ष देतात. ‘आगर’ किंवा ‘आगार’ म्हणजे मीठ पिकविण्याचे शेत. मिठागराची जमीन हेतुपुरस्सर सखल व सपाट राखलेली असते आणि तिच्यात भरतीचे पाणी घ्यावयाचे, ओहोटीला सोडावयाचे अशी योजना असते. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. त्या काळात हीच आगरे शेजारच्या उंच भागातून आलेले पाणी काही तास साठवून धरीत आणि ओहोटीबरोबर खाडीला देत. ह्या कार्याची नोंद कोणत्याही नकाशात नव्हती. त्यामुळे आगरे बुजविताना ते कार्य दुसरीकडे कोठे व्हावे, ह्याचा विचार झाला नाही.

सुधार विश्वस्त मंडळाच्या योजना : १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ उद्‌भवली. हवा व उजेड नसलेल्या दाट वस्त्या हे साथीचे एक प्रमुख कारण मानले गेले आणि १८९८ च्या अधिनियमान्वये मुंबई शहर सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती वसविणे, अशी मंडळाच्या कार्याची दोन अंगे होती. दादर-माटुंगा व शीव-माटुंगा ह्या योजना दुसऱ्या प्रकारात मोडतात. शेतजमिनी, बागा व सखल पाणथळ जागा संपादन करून, भराव घालून व भूखंड आखून तेथे रस्ते, गटारे, उद्याने व इमारतींच्या मांडणीचे नियम ठरवून देण्यात आले. दादरची पारशी व हिंदू वसाहत, पाच उद्याने आणि किंग्ज सर्कल (आताचे माहेश्वरी उद्यान) हे ह्या आखणीचे परिचित अवशेष होत. १९३३ मध्ये मंडळाचे कार्य मुंबई नगरपालिकेकडे आले.

ह्या योजनेत रस्ता, उद्यान व गटार यांची आखणी एकत्रितपणे झाली, हा तिचा मोठा गुण होय. वसाहतीत शिरलेला पाऊस झाडांच्या रांगांखाली व मोकळ्या चौकांत काही प्रमाणात मुरत असे. परंतु योजनेची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. भरावाने एका भागाची उंची वाढली, की पाणी शेजारच्या न भरलेल्या भागाकडे वळते. माटुंगा व किंग्ज सर्कल परिसराचे पाणी पूर्वेस माहुल खाडीकडे जाते; म्हणजे त्याचा मार्ग अँटॉप हिलच्या पायथ्यालगतच्या सखल पट्ट्यातून आहे. योजनेची सीमा जेथे संपली, तेथे पाण्याचा प्रवास मात्र संपत नव्हता.

रेल्वे व बंदर : विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ह्या भागाचे स्वरूप आणखी पालटले. १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड हा हार्बर रेल्वेमार्ग सुरू झाला. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाने माझगाव ते शिवडी भागात भराव घालून सु. ५८३ एकर (सु. २३६ हे.) जमीन १९१२ पर्यंत निर्माण केली आणि १९१५ मध्ये बॅलार्ड पिअर ते वडाळा ही बंदराची स्वतंत्र रेल्वे चालू केली. रावळी जंक्शनपासून माहीमकडे जाणारा फाटा पुढे किंग्ज सर्कलवरून गेला. शहराच्या व्यापाराला ह्या मार्गांनी बळ दिले. पण त्यांच्या बांधामुळे अँटॉप हिलची पश्चिमेशी फारकत झाली. लोकांना ये-जा करण्यासाठी मोजके पूल व भुयारी वाटा उरल्या, तर पाण्याला बांधाखालच्या मोजक्या मोऱ्या उरल्या. पुढे गोदामे, मालमोटारींचा तळ व रुंद मालवाहतूक-रस्ते आले आणि ही फारकत अधिक पक्की झाली.

स्वातंत्र्योत्तर वाढ : १९४७ च्या फाळणीनंतर कोळीवाडा (आताचे गुरू तेग बहादूर नगर) येथे निर्वासितांची वसाहत झाली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी अँटॉप हिल येथे विस्तृत निवासी वसाहत उभारण्यात आली. शीवलगतच्या प्रतीक्षानगरात जुन्या इमारतींतील रहिवाशांसाठी संक्रमण शिबिरे बांधली गेली. ह्या सरकारी वसाहतींच्या मधल्या जागेत, नाल्यांच्या काठी व मिठागरांच्या कडेला, बंदर, गिरण्या व लहान कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांनी झोपड्या बांधल्या. दलदलीत राडारोडा व माती टाकून ती जमीन रहिवाशांनी स्वतःच्या श्रमाने राहण्याजोगी केली. शहराने त्यांना श्रमिक म्हणून सामावून घेतले, पण रहिवासी म्हणून जागा दिली ती पाणी साचणारीच.

१९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाने अशा वस्त्यांत नागरी सोयी पुरविण्यास कायद्याचा आधार मिळाला. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. तीनुसार मूळ रहिवाशांना विनामूल्य पक्के घर (आरंभी २२५ चौ. फुटांचे) देऊन, त्या मोबदल्यात विकासकास विक्रीसाठी वाढीव बांधकामाची मुभा मिळते. ह्या योजनेने अनेक कुटुंबांच्या डोक्यावर पक्के छप्पर आले. तथापि तिचा घटक एकेक भूखंड हा आहे, आणि पाणी भूखंडाच्या हद्दी जाणत नाही. प्रत्येक प्रकल्प आपले जोते उंच करतो, आवार फरसबंद करतो व कुंपणाची भिंत घालतो; परिणामी शेजारची जुनी वस्ती खोलगट ठरते व पूर्वीच्या गल्ल्या बंद होतात. जून २०१८ मध्ये वडाळा-अँटॉप हिल येथे एका बांधकामासाठी केलेल्या खोल खोदाईलगतची भिंत पावसात कोसळून शेजारच्या संकुलातील मोटारी खड्ड्यात गेल्या. एका भूखंडावरील कामाचा परिणाम दुसऱ्यावर कसा होतो, हे त्या दुर्घटनेने दाखविले.

पर्जन्यजल-निःसारण : शहरातील जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिमी. पाऊस व त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल ह्या गृहीतावर आखलेल्या होत्या. १९८५ च्या पुरानंतर महानगरपालिकेने सल्लागारांकडून अभ्यास करविला. त्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अहवाल १९९३ मध्ये सादर झाला. त्यात तासाला ५० मिमी. पाऊस व सर्व पाणी वाहून जाईल असे गृहीत धरण्याची शिफारस होती. दोन मापांतील अंतर वरवर दुप्पट दिसते, प्रत्यक्षात ते चौपट आहे : जुन्या गृहीताप्रमाणे एक हेक्टर जागेवरून तासाला १२५ घ. मी. पाणी वाहिनीत येते, तर नव्या गृहीताप्रमाणे ५०० घ. मी. म्हणजे पाच लाख लिटर. जमिनीवर फरसबंदी वाढल्याने पाणी मुरण्याचे प्रमाण घटले, हेच ह्या वाढीचे निम्मे कारण आहे.

दुसरी अडचण भरतीची. शहराच्या १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रसपाटीच्या खाली व १३५ भरतीच्या पातळीखाली असून केवळ ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत. मोठ्या भरतीच्या वेळी (४·५ मी. हून अधिक) समुद्राचे पाणी वाहिन्यांत उलट शिरू पाहते, दरवाजे बंद करावेत, तर आतील पावसाचे पाणी तुंबते. अशा वेळी पाणी उपसून बाहेर टाकणे किंवा ओहोटीपर्यंत साठवून ठेवणे, हे दोनच उपाय उरतात. मिठागरे दुसरा उपाय विनामूल्य पुरवीत होती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ह्या आपत्तीची मीमांसा केली. त्यानंतर ब्रिमस्टोवॅडच्या कामांस वेग आला व आठ उदंचन केंद्रे उभारण्याचे ठरले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया व गजधरबंध ही सहा केंद्रे २०२० च्या सुमारापर्यंत कार्यान्वित झाली; माहुल व मोगरा ही दोन मागे राहिली. किंग्ज सर्कल, शीव, वडाळा, चुनाभट्टी इ. भागांना दिलासा देणारे माहुल केंद्र मिठागराच्या जमिनीच्या प्रश्नात दीर्घकाळ अडकले. दरम्यान किंग्ज सर्कलजवळ लहान उदंचन व्यवस्था करण्यात आली. परळ-दादर भागात हिंदमाता येथील पाणी साठविण्यासाठी मैदान व उद्यानाखाली मोठ्या भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या (२०२१-२२); पाऊस व भरती एकाच वेळी असता त्यांत पाणी धरून ठेवतात व ओहोटीला सोडतात. आगरांचे जुने कार्य येथे काँक्रीटच्या साहाय्याने पुन्हा करावे लागले.

दळणवळण : २०१३ मध्ये पूर्व मुक्तमार्ग खुला झाला. मोनोरेलचा चेंबूर-वडाळा हा टप्पा २०१४ मध्ये व वडाळ्याहून संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा टप्पा २०१९ मध्ये सुरू होऊन अँटॉप हिल येथे स्थानक झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी मोनोरेलची वाहतूक स्थगित करण्यात आली. मुक्तमार्ग व मोनोरेल हे दोन्ही मार्ग उन्नत आहेत. त्यांनी दूरचे अंतर कमी केले, मात्र रुळांच्या एका बाजूच्या वस्तीतून दुसऱ्या बाजूच्या शाळेत किंवा बाजारात पायी जाणाऱ्यांचा फेरा त्यांमुळे कमी झाला नाही. पावसात भुयारी वाट पाण्याने भरली, की हा फेरा आणखी वाढतो.

अन्यत्र झालेले प्रयत्न : फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी बॉस्टन येथील बॅक बे भागात १८७८ नंतर भरतीच्या दलदलीचेच उद्यान रचले, पुराचे पाणी सामावून घेणे व शेजारच्या वस्त्यांना हिरव्या वाटेने जोडणे, हे दोन्ही हेतू त्यात होते. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस यांनी भारतीय नगरांतील तलाव हिवतापाच्या भीतीने बुजवू नयेत, असे आग्रहाने मांडले होते. मुंबईत मात्र अनेक तलाव बुजविले गेले. नेदर्लंड्समधील रॉटरडॅम येथे २०१३ मध्ये बांधलेला बेंथेमप्लेन चौक एरवी खेळाचे मैदान असतो आणि अतिवृष्टीत सु. १७ लाख लिटर पाणी साठवितो. जुलै २०११ मधील ढगफुटीनंतर कोपनहेगनने रस्ते व उद्याने यांनाच जलमार्ग व जलाशय करण्याची योजना आखली. ह्या शहरांतील पाऊस मुंबईच्या मानाने अल्प आहे. त्यांची मापे येथे लागू पडणार नाहीत. मोकळी जागा, वाट व पाणी यांची आखणी एकत्र करावी, हे तत्त्व मात्र लागू पडते, आणि सुधार विश्वस्त मंडळाच्या माटुंगा योजनेत ते अंशतः होतेच.

मूल्यमापन : अँटॉप हिल परिसराच्या पुनर्रचनेत भूखंडाऐवजी पाणलोट हा नियोजनाचा घटक धरणे इष्ट ठरते. रेल्वेबांधाखालील मोऱ्या रुंद करताना त्यांलगत कोरडी पादचारी वाट काढणे, नाल्यांच्या काठाने सलग रस्ता व झाडांची रांग राखणे, वसाहतींच्या मैदानांना तात्पुरत्या साठवणीचे काम देणे, भरावाची उंची शेजारच्या वस्तीचा विचार करून ठरविणे आणि उरलेली मिठागरे व खारफुटी राखणे, हे उपाय परस्परपूरक आहेत. त्यांत विस्थापितांचे पुनर्वसन त्याच परिसरात होणे आवश्यक आहे. कारण नाल्याकाठची कुटुंबे दूर हलविल्यास त्यांचा रोजगार तुटतो व नाल्याची देखरेख करणारे शेजारही नाहीसे होतात. २०१८ मध्ये मंजूर झालेली विकास योजना २०३४ आणि २०२२ चा मुंबई वातावरण कृती आराखडा यांत पूर व मोकळ्या जागा यांचा विचार आहे. त्याचे यश अँटॉप हिलसारख्या सखल जागी, भरती व अतिवृष्टी एकत्र येतील त्या दिवशी तपासले जाईल. गेल्या सव्वाशे वर्षांत येथे प्रत्येक योजनेने आपल्या हद्दीतील पाणी हद्दीबाहेर काढले. त्या पाण्याला शेवटी जेथे थांबावे लागले, तेथेच शहरातील सर्वांत गरीब वस्ती उभी होती.