साथ कुठे मुक्काम करते?



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती व विणकामाबरोबर इतिहासाचेही एखादे पान असावे, असे बैठकीत ठरले व ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचनालयातील पुस्तकांवरून जे समजले ते आपणांपुढे ठेवते.

साथीला गरीब-श्रीमंत कळत नाही, असे आपण म्हणतो. परंतु आपल्या मुंबईचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही.

१८९४ साली हाँगकाँगला प्लेग होता. दोन वर्षांनी तो मुंबईत आला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतील रोगी पाहून हा प्लेगच, असे निदान केले. मांडवी गोदीलगतची. तेथे धान्याच्या वखारी, वखारीत उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा आणि भोवती माणसांनी गच्च भरलेल्या खोल्या. प्लेगला आणखी काय हवे? पुढे तो पुण्यातही पोहोचला. तेथे सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

दाटी हेच रोगाचे घर, असे सरकारला वाटले. म्हणून १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते झाले, हे चांगलेच. परंतु सुरुवातीच्या वर्षांत जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या गेल्या नाहीत. उठविलेली गरीब बिऱ्हाडे शेजारच्या गल्लीत शिरली आणि दाटीही त्यांच्याबरोबर तेथे गेली.

१९१८ साली इन्फ्लुएन्झा आला. मुंबईत युरोपियन लोकांत त्याने दर हजारी सुमारे ८ माणसे गेली. ज्यांना समाज खालच्या जातीचे मानी, त्या हिंदूंत दर हजारी सुमारे ६१. शहर एक, हवाही एकच. राहण्याची जागा व ताटातले अन्न मात्र एक नव्हते.

शंभर वर्षांनी कोरोना आला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतील शंभरांपैकी ५७ जणांना लागण होऊन गेल्याचे आढळले, तर इतर वस्तीत १६ जणांना. "घरातल्या घरात वेगळे राहा," असे तेव्हा सर्वांनाच सांगत. आमची खोली दहा बाय बारा, माणसे सहा, संडास चाळीचा सामायिक. सासूबाईंना ताप आला तेव्हा मध्ये दोरी बांधून तीवर साडी सोडली. आमची दुसरी खोली काय ती एवढीच! सासूबाई बऱ्या झाल्या. पलीकडच्या बिऱ्हाडातील आजोबा मात्र परत आले नाहीत.

साथ बोटीने येवो वा विमानाने, ती मुक्काम करते तेथे जागा अपुरी असते आणि पाणी वाटून घ्यावे लागते. "ते लोकच अस्वच्छ," असे म्हणण्यापूर्वी त्या वस्तीत नळ किती व संडास किती, हे आपण विचारावे. आपल्या मंडळाने आसपासच्या वस्त्यांतून एवढी मोजदाद केली आणि ती नगरसेवकांपुढे ठेवली, तर पुढची साथ येण्यापूर्वी काही काम झाले असे होईल. भगिनींनी यावर जरूर विचार करावा.