विकुन्या माकेना, बेनहामिन

(२५ ऑगस्ट १८३१ – २५ जानेवारी १८८६). चिलीतील पत्रकार, इतिहासकार, राजकारणी व शेतीचे अभ्यासक. जन्म सांतियागो येथे. वडील पेद्रो फेलिक्स विकुन्या यांनी १८२७ मध्ये व्हालपाराइसोत ‘एल मेर्कुरियो’ हे वृत्तपत्र काढले होते. आईचे वडील हुआन माकेना हे आयर्लंडमध्ये जन्मलेले, पण चिलीच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सेनापती.

एप्रिल १८५१ च्या सरकारविरोधी उठावात भाग घेतल्यामुळे त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. स्त्रीवेशात ते तेथून निसटले आणि पुढे कॅलिफोर्निया, मेक्सिको व युरोप असे हिंडले. या परागंदा काळातच इंग्लंडमध्ये सायरेन्सेस्टरच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी शेतीचे शिक्षण घेतले. चरित्रकार या पर्वावरून बहुधा घाईने पुढे जातात. प्रत्यक्षात त्यांच्या नंतरच्या बऱ्याच कामाचे मूळ येथे आहे. मायदेशी परतल्यावर त्यांनी राष्ट्रीय कृषी संस्थेच्या ‘एल मेन्साहेरो दे ला आग्रिकुल्तुरा’ या नियतकालिकाचे संपादन केले. दुष्काळ आणि अतिवृष्टी यांच्या जुन्या नोंदी धुंडाळून चिलीच्या हवामानाचा इतिहासही त्यांनी लिहिला (१८७७).

१८५८ मध्ये राज्यघटना बदलण्याची मागणी करणारे वृत्तपत्र काढल्याबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली व मार्च १८५९ मध्ये जहाजावर चढवून लिव्हरपूलला हद्दपार करण्यात आले. पुढे चिलीचे स्पेनशी युद्ध सुरू असताना त्यांनी न्यूयॉर्कमधून ‘ला व्होस दे ला आमेरिका’ हे पत्र चालवले.

१८७२ ते १८७५ या काळात ते सांतियागोचे इन्तेन्देन्ते, म्हणजे प्रांताधिकारी होते. शहराच्या मध्यभागी सांता लुसिया ही ओसाड, खडकाळ टेकडी होती. कैद्यांची मजुरी, लोकवर्गणी आणि पदरचा पैसा यांच्या बळावर त्यांनी तिच्यावर वाटा काढल्या, पाणी चढवले, माती नेऊन झाडे लावली. खडकावर बाग उभी करण्याची ही धडाडी शेती शिकलेल्या माणसाची होती. शहराभोवती आखलेल्या वळणरस्त्याचा हेतू मात्र दुहेरी होता: हवा खेळती ठेवणे आणि ‘खऱ्या’ शहरापासून गरिबांच्या वस्त्या वेगळ्या काढणे. त्याआधी १८६८ मध्ये संसदेत त्यांनी आराउकानियातील मूळनिवासी मापुचे लोकांची भूमी जिंकून घेण्याचा जोरदार पुरस्कार केला. उदारमतवादी म्हणून गौरवल्या गेलेल्या या माणसाच्या चरित्रातील हा डाग झाकता येत नाही.

१८७६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सरकारने आनिबाल पिन्तो यांच्यामागे बळ लावल्याने त्यांनी माघार घेतली. प्रचारासाठी गावोगाव फिरण्याची त्यांची रीत तेव्हा चिलीत नवी होती. पुढे ते सेनेटचे सदस्य झाले. त्यांची ग्रंथसंपदा शंभराहून अधिक आहे. लेखनाचा वेग अफाट असल्याने तीत चुकाही बऱ्याच राहिल्या. पण जुनी कागदपत्रे आणि वृद्धांच्या आठवणी त्यांनी वेळीच टिपल्या नसत्या, तर कितीतरी माहिती कायमची लुप्त झाली असती.

अखेरच्या काळात ते आकोन्काग्वा खोऱ्यातील सांता रोसा दे कोल्मो या शेतमळ्यावर राहत. तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी सांता लुसियावर, त्यांनीच बांधवलेल्या छोट्या प्रार्थनामंदिरात आहे.