मुक्ताईनगरचा उकार

गावाचं नाव बदललं की इतिहासकार कारणं शोधतात, पुढारी श्रेय शोधतात आणि पेंटर शिडी शोधतो. आमच्या खानदेशात एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. विधानसभेचा मतदारसंघ २००४ च्या निवडणुकीत अजून एदलाबादच होता, २००९ ला तोही मुक्ताईनगर झाला. मुक्ताबाईंचं कोथळी शेजारीच, तेव्हा नाव शोभतं यात वाद नाही. मला काळजी पडली ती पाटीची.

'एदलाबाद' लिहून पाहा. शिरोरेषेच्या वर काही नाही, पायाशी काही नाही. पाचही अक्षरं पंगतीला बसल्यासारखी एका रांगेत. 'मुक्ताईनगर' म्हणजे भरला संसार! खाली उकार लोंबतोय, मध्ये जोडाक्षर, वर 'ई'ची शेंडी. फळी मात्र तेवढीच.

पण पेंटरच्या ब्रशाला हे जमतं. बोरूच्या तिरक्या टोकानं देवनागरीला जाड-बारीक वळण लावलं, तेच चपट्या ब्रशानं मोठ्या मापात गिरवलं. जागा कमी पडली तर 'न'ला पोट आत घ्यायला सांगायचं, उरली तर 'र'ची शेपटी ऐसपैस सोडायची. छापखान्याच्या खिळ्याजवळ ही माणुसकी कुठली? जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याचे खिळे देखणे, पण खिळा तो खिळा. हजार वेळा छापा, 'न' तोच! म्हणून तर नाटकांच्या जाहिरातींना कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचा हात लागायचा. त्यांची अक्षरं वाचण्याआधीच नाटकाचा रंग कळायचा.

मग फ्लेक्स आला. पुढाऱ्यांचे चेहरे वाढले आणि पेंटरची शिडी भिंतीला टेकून राहिली. गंमत अशी, की आता संगणकालाच ब्रशाची आठवण येते. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' हा फाँट केला. चपट्या ब्रशाचा तिरकेपणा त्यात जसाच्या तसा. 'एक टाइप'वाल्यांचा 'मोदक' तर इतका गुबगुबीत, की अक्षराच्या पोटात जेमतेम रेघेपुरती फट. लग्नपत्रिकेवर घाला नाहीतर फरसाणच्या पुडीवर, शोभतो.

मात्र पाटीच्या कोपऱ्यात पेंटरची बारीकशी सही असायची. पाटी दुकानदाराची, अक्षर आपलं, हे सांगणारी. हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांना ती दिसली असावी. पेंटरांची रोमन अक्षरं संगणकात आणताना त्यांनी फाँटला नावंही पेंटरांचीच दिली. 'पेंटर कफील' हे त्यातलंच एक.

आमच्या पेंटरांचा उकार अजून कुणाच्या संगणकात गेलेला माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा मुक्ताईनगरच्या बाजारात एखादं जुनं शटर खाली ओढलेलं दिसलं, तर दुकानाचं नाव वाचून पुढे जाऊ नका. जरा वाकून कोपराही वाचा.