जुनापाणी
नागपूरजवळ काटोल मार्गावर असलेले बृहदश्मयुगीन दफनस्थळ (→ बृहदश्मयुग). काळ इ. स. पू. पहिले सहस्रक. जे. एच. रिव्हेट-कारनॅक यांनी एकोणिसाव्या शतकात येथील काही शिलावर्तुळे उकरली; बी. के. थापर यांचे उत्खनन १९६१-६२ मधले.

येथे सुमारे ३०० वर्तुळे आहेत. बेसाल्टचे धोंडे गोलाकार मांडून आतील दफनावर माती व दगडगोट्यांची भर घातलेली असते. काही धोंड्यांच्या बाहेरच्या अंगावर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, कुठे सरळ ओळीत, कुठे अधिक-चिन्हासारखे. त्यांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसतात. भर दुपारी पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतात. दफनांत काळी-तांबडी मृद्‌भांडी, लोखंडी कट्यारी, चपट्या कुऱ्हाडी आणि घोड्याचे लगाम मिळाले. एका वर्तुळात अश्वकुळातील प्राण्याचे अवशेषही होते (→ माहूरझरी).

येथील लोखंडी वस्तू विदर्भातील आरंभीच्या लोहवापराचा महत्त्वाचा पुरावा आहेत (→ नायकुंड: लोखंड गाळण्याची भट्टी). धोंड्यांची मूळ मांडणी हाच येथला मुख्य दस्तऐवज असल्याने एखादा दगड हलवला तरी तो दस्तऐवज कायमचा बिघडतो.