५० मागवली, ५०० आली: घरामागच्या कोंबडीची गोष्ट

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, मागे कोंबडा आरवतोय. तो एडिट करून काढायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन कोकणातल्या घरी येऊन बसलो. घरात नऊ माणसं. काकूची शिवणाची ऑर्डर, दोन पोरांची ऑनलाइन शाळा, बाबांची बागेची कामं, माझे कॉल. आणि परसात आजीच्या सहा कोंबड्या. त्यांना रोज संध्याकाळी खुराड्यात कोंडायचं काम कोणाचं, यावरून रोज वाद. मी म्हटलं, थांबा, मी इंजिनियर आहे. आर्डुइनो, एक छोटी मोटर आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर. अंधार पडला की दार आपोआप खाली, उजाडलं की वर. खर्च साधारण दीड हजार रुपये. मे महिन्यात टेस्टिंग केलं, एकदम मस्त चाललं.

मग आला पाऊस. एके दिवशी दुपारी साडेचारलाच आभाळ असं काळंकुट्ट झालं की सेन्सरला वाटलं रात्र झाली. दार बंद, कोंबड्या बाहेर. मी कॉलवर होतो, बाकीचेही आपापल्या कामात. खरी रात्र झाल्यावर आजीने मोजल्या तर पाच. सहावीची पिसं फणसाखाली सापडली, मुंगसाचं काम. आजी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, ढग आणि रात्र यातला फरक कोंबडीला कळतो. तुझ्या यंत्राला नाही कळला." आणि थोड्या वेळाने, "ती अंड्यावरची होती."

मेलेली कोंबडी अंड्यावरची होती की नाही, हा फरक माझ्या डोक्यातच नव्हता. आजीच्या डोक्यात आधी तोच आला, कारण तिच्यासाठी तो हिशेब होता. त्या हिशेबाचा इतिहास शोधायला मी बसलो आणि सापडलं ते मला वाटलं त्यापेक्षा बरंच मोठं निघालं.

पहिला प्रश्न: कोंबडी घरात आली कशी? पूर्वी पुस्तकांत आठ-दहा हजार वर्षांपूर्वीचे आकडे असायचे. २०२२ मध्ये आलेल्या संशोधनाने ते बरेच अलीकडे आणले. नक्की पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सगळ्यात जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची, इसवी सनापूर्वी साधारण १६५० ते १२५० या काळातली. आणि कारण फार घरगुती आहे. माणसाने भात आणि बाजरीसारखी धान्यं पिकवायला घेतली, दाणे सांडले, आणि ते टिपायला जंगलातला लाल रानकोंबडा झाडावरून खाली उतरला. म्हणजे आपण त्याला पकडून आणण्याच्या आधीच तो आपल्या उकिरड्यावर हजर होता. आजी तांदळाची कणी टाकताना "बा बा बा" करते ना, त्या नात्याची सुरुवातच ती आहे.

यात एक धागा थेट आपल्या सह्याद्रीतला आहे. पुष्कळ कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. २००८ च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की हा पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही, तो आला राखी रानकोंबड्याकडून. घाटात ट्रेकला गेलात तर पहाटे ज्याची तुटक, घोगरी बांग ऐकू येते, तोच हा. केएफसीच्या बकेटमध्येही त्याचा थोडा वाटा आहे म्हणायचा.

आता तीनेक हजार वर्षं उडी मारू. इतका काळ कोंबडी परसातच होती, बायकांच्या हाताखाली. तिच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते १८४० च्या दशकात, चीनमधून भल्यामोठ्या पिसारलेल्या पायांच्या कोंबड्या इंग्लंडात पोचल्या आणि राणी व्हिक्टोरियाने त्या पाळल्या तेव्हा. मग जे झालं ते अगदी क्रिप्टोसारखं. १८४९ मध्ये बॉस्टनला कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, हजारोंनी लोक आले, एकेका जोडीला वेड्यासारख्या किमती. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने १८५२ मध्ये राणीलाच कोंबड्या भेट पाठवल्या, त्याची भरपूर जाहिरात केली, आणि बाजार कोसळल्यावर १८५५ मध्ये या सगळ्या 'कोंबडीज्वरा'ची खिल्ली उडवणारं पुस्तकही स्वतःच लिहिलं. दोन्हीकडून कमाई! याच काळात एका जातीला नाव पडलं 'ब्रह्मपुत्रा', पुढे नुसतं 'ब्रह्मा'. ब्रह्मपुत्रेशी तिचा संबंध मुख्यतः नावापुरताच. ती घडली अमेरिकेत, चिनी कोंबड्यांपासून.

तो ज्वर उतरला, पण त्यानंतर एक बदल गुपचूप झाला आणि माझ्या मते खरा टर्निंग पॉइंट तोच. १८७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बायस याने चांगलं चालणारं उबवणी यंत्र बनवलं. अंडी कृत्रिम उबेने उबवणं नवं नव्हतं, इजिप्तमध्ये त्यासाठी हजारो वर्षांपासून भट्ट्या आहेत. पण आता ते कारखान्याच्या मापाने होऊ लागलं. कोंबडी खुडूक बसली की अंडी देणं थांबवते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. यंत्र आल्यावर तिच्या खुडूक होण्याची गरजच उरली नाही. मग लेगहॉर्नसारख्या खुडूक न बसणाऱ्या जाती पसंत पडू लागल्या. अंडी वाढली, पण पिल्लं आता विकत आणायची. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा शिल्लक साठा असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरतं. या एका गोष्टीच्या जोरावर १९१८ पासून अमेरिकन टपाल खातं एक दिवसाची पिल्लं पार्सलने पोचवू लागलं. पोस्टमनच्या पिशवीत चिवचिव!

त्याच सुमारास पहिलं महायुद्ध चालू होतं आणि अमेरिकन सरकार पोस्टर लावून सांगत होतं की घरात जितकी माणसं, त्याच्या दुप्पट कोंबड्या परसात ठेवा. परसातली कोंबडी म्हणजे देशसेवा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तर रेशनवर माणशी आठवड्याला एक अंडं, तेही मिळालं तर. ज्यांच्याकडे कोंबड्या होत्या त्यांनी आपला अंड्यांचा हक्क सोडायचा आणि बदल्यात कोंबडीखाद्य घ्यायचं, अशी सोय होती. ते खाद्य बटाट्याच्या साली आणि ताटातल्या उरल्यासुरल्या अन्नात कालवून घालायचं. अंड्यांचं रेशनिंग तिकडे १९५३ मध्ये उठलं.

पण या दोन युद्धांच्या मध्ये, १९२३ मध्ये, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एक प्रकार घडला. आजचा भाग खरं तर त्यासाठीच केलाय.

ओशन व्ह्यू हे समुद्राजवळचं छोटं गाव. तिथे सीलिया स्टील नावाची गृहिणी. नवरा विल्मर तटरक्षक दलात नोकरीला, घरात लहान मुलं. सीलिया थोड्या कोंबड्या पाळायची, अंड्यांसाठी. गेलेल्या कोंबड्यांची जागा भरायला ती दरवर्षी ५० पिल्लं मागवायची. त्या वर्षी हॅचरीवाल्याकडून एक शून्य जास्त पडलं आणि आली ५०० पिल्लं.

जरा कल्पना करा. घरात मुलांचा गोंधळ, नवरा ड्युटीवर आणि दारात चिवचिवणारी ५०० पिल्लं. परत पाठवली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिने ती ठेवून घेतली. सुरुवातीला पियानो ज्यात पॅक करून येतो तसल्या मोठ्या खोक्यात ठेवली म्हणतात, मग सुतार-लाकूडवाल्याकडून एक छोटी शेड करून घेतली. एवढ्यांची अंडी विकायची कुठे? म्हणून तिने ठरवलं की ती मांसासाठीच वाढवायची. त्या काळात हे विचित्र होतं, कारण चिकन म्हणजे अंडी द्यायचं थांबलेली म्हातारी कोंबडी किंवा जास्तीचा कोंबडा. ३८७ पक्षी जगले, दोन पौंडाच्या वर भरले आणि पौंडाला ६२ सेंट दराने विकले गेले. पुढच्या वर्षी तिने मुद्दाम १००० मागवली. १९२६ पर्यंत १०,००० पक्ष्यांची शेड उभी राहिली आणि विल्मरही तटरक्षक दल सोडून बायकोच्या धंद्यात आला.

हे दहा वर्षं आधी झालं असतं तर? बहुतेक सगळी पिल्लं पाय वाकडे होऊन मेली असती. बंद शेडमध्ये ऊन नाही, उन्हाशिवाय ड जीवनसत्त्व नाही, म्हणजे मुडदूस ठरलेला. ड जीवनसत्त्वाचा शोध १९२२ च्या आसपासचा आणि मग खाद्यात कॉड माशाचं तेल मिसळणं सुरू झालं. म्हणजे उबवणी यंत्राने कोंबडीच्या पोटाखालची ऊब घराबाहेर नेली आणि तेलाने अंगणातल्या उन्हाची गरज संपवली. अंगणाचं कामच उरलं नाही.

सीलियाच्या शेडसमोरचा एक जुना फोटो नेटवर सापडतो, नक्की बघा. ओळीने छोट्या छोट्या खोपटांसारख्या शेड, समोर पिल्लांचा पसारा, स्टील कुटुंबाची मुलं आणि कोंबड्यांची देखभाल करणारा आइक लाँग. सगळं अजून परसासारखंच दिसतं. कारखाना असा जन्माला येतो हे फोटोतल्या कोणालाच माहीत नव्हतं. १६ बाय १६ फुटांची ती पहिली शेड आज डेलावेअरमध्ये ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेली आहे.

यापुढचं थोडक्यात. १९४० च्या दशकात अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' अशी स्पर्धा झाली: जास्तीत जास्त छाती, कमीत कमी दिवस. १९४८ ची राष्ट्रीय फेरी जिंकली कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेसच्या संकराने आणि त्यात कॉर्निश जातीचं रक्त होतं. ही कॉर्निश कुठली? इंग्लंडमध्ये तिचं जुनं नाव होतं 'इंडियन गेम', कारण ती घडवली गेली ती भारतातून नेलेल्या असीलपासून. असील म्हणजे आपल्याकडचा झुंजीचा कोंबडा. त्याची रुंद छाती आज चौकातल्या चिकन सेंटरमधल्या पांढऱ्या ब्रॉयलरच्या अंगात आहे. १९२५ मध्ये सव्वा किलोच्या आतल्या पक्ष्याला ११२ दिवस लागायचे. आता सहा आठवड्यांत तो दोन किलोच्या पुढे जातो.

आपल्याकडे ही लाट आणण्यात मोठं नाव डॉ. बी. व्ही. राव. १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज आणि १९८२ मध्ये अंड्यांचा भाव शेतकऱ्याच्या हातात राहावा म्हणून उभी केलेली समन्वय समिती. संडे-मंडेवाली जाहिरात आठवते ना, ती त्यांचीच. उत्पादकाला बळ मिळालं हे खरंच, अंडं स्वस्त झालं हेही खरं. मी त्याला नावं ठेवणार नाही, हॉस्टेलची चार वर्षं मी भुर्जीवरच काढली आहेत.

पण आजीचा हिशेब? तिने मला हळूहळू सांगितला. अंडी दुकानात द्यायची आणि बदल्यात चहा-साखर आणायची. कोंबडा विकला की पैसे डब्यात, त्या डब्याबद्दल आजोबांनी कधी विचारलं नाही. बाबांची दहावीची फी त्या डब्यातून गेली. बाबांना हे माहीत नव्हतं! ते बाजूलाच बसले होते, पेपर खाली ठेवून ऐकत राहिले. अमेरिकेतल्या शेतकरी घरांतही अंड्यांचा पैसा असाच बाईचा असायचा. धंदा मोठा झाला की तो कर्जाच्या, कराराच्या कागदावर गेला आणि कागदावर बहुतेक वेळा पुरुषाचं नाव.

या डब्याला सगळ्यात जोरात धक्का बसला तो २००६ मध्ये. फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, भारतातला पहिला. सुरुवात पोल्ट्री फार्मवर झाली, पण विषाणू फार्म आणि अंगण असा भेद करत नाही. ३ किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे, असा आदेश निघाला. त्यात आदिवासी पाड्यांवरच्या चार-पाच कोंबड्याही गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्हा आणि २००८ मध्ये पश्चिम बंगाल, तिथे तर मुख्यतः परसातल्याच कोंबड्या. पक्षी मारणं आवश्यक होतं, त्याबद्दल मला शंका नाही. मात्र फार्मवाल्याकडे रजिस्टर होतं, नोंद होती. डब्याची नोंद कुठे असते?

एवढं सगळं होऊन परसातली कोंबडी संपली असेल, असं मी धरून चाललो होतो. मग २०१९ च्या पशुगणनेचा तक्ता उघडला. देशात एकूण पाळीव पक्षी ८५ कोटी, त्यातले परसातले जवळपास ३२ कोटी. आणि आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा परसातले पक्षी ४५ टक्क्यांहून जास्त वाढले. व्यावसायिक फार्मवरचे? साडेचार टक्के. मी दोनदा तपासलं.

आमच्या खुराड्याचं सांगतो आणि थांबतो. मोटर काढली. दाराला सुंभाची दोरी बांधली आहे, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढता येते, म्हणजे जो चहा करायला उठेल तो ओढतो. सेन्सर मात्र ठेवलाय, तो आता फक्त काकूच्या फोनवर मेसेज टाकतो. सध्या एक कोंबडी खुडूक बसली आहे, खाली ११ अंडी. मी २१ दिवसांचा रिमाइंडर लावला. आजीने खुराड्याच्या फळीवर कोळशाने रेघा मारायला घेतल्यात. आज माझ्या फोनवर चौदावा दिवस आहे, फळीवर तेरावा. कोणाचं चुकतंय ते पुढच्या आठवड्यात सांगतो.