धांवपटूचें रक्त

२२ ऑगस्ट १९२० रोजीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत बेळगांवचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यत धांवला. पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचें अंतर त्यानें सुमारें २ तास ५१ मिनिटांत तोडलें आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. असा दम छातीच्या भात्यांत असतो, अशी सामान्य समजूत आहे. परंतु निरोगी मनुष्याचीं फुप्फुसें सहसा कमी पडत नाहींत. खरी अडचण असते ती प्राणवायु स्नायूंपर्यंत पोंचविण्याची. आणि तें काम हृदय व रक्त यांचें आहे.

रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूचें ओझें वाहतें. त्याचा एक ग्रॅम सुमारें १.३४ घनसेंटिमीटर प्राणवायु उचलतो. शंभर घनसेंटिमीटर रक्तांत पंधरा ग्रॅम हिमोग्लोबिन असलें, तर वीस घनसेंटिमीटर प्राणवायूची सोय होते.

हें भांडार वाढतें कसें, याचा पहिला सुगावा डोंगरांवर लागला. १८९० सालीं व्हियो या फ्रेंच शास्त्रज्ञास पेरू देशांतील मोरोकोचा येथें असें आढळलें कीं, उंचावर राहिल्यानें रक्तांतील तांबड्या पेशींची संख्या वाढते. १९११ सालीं हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील पाइक्स शिखरावर पांच आठवडे राहून हिमोग्लोबिनची वाढ मोजली.

धांवपटूच्या बाबतींत मात्र एक कोडें पडलें. कठोर सराव सुरू होतांच, थोड्याच दिवसांत रक्तांतील पातळ रस वाढतो. त्यामुळें थेंबामागें हिमोग्लोबिनचें प्रमाण उलट उतरलेलें दिसतें. जणूं ताकांत पाणी पडलें! पण हा तोटा नव्हे. पातळ झालेलें रक्त सुलभतेनें वाहतें आणि हृदय दर ठोक्यास अधिक रक्त लोटतें. पुढें कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं एकूण हिमोग्लोबिनही वाढूं लागतें. १९०० सालीं हॉल्डेन व लॉरेन स्मिथ यांनीं अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड हुंगवून शरीरांतील समग्र रक्त मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. १९४९ सालीं स्वीडनमध्यें शेस्ट्रांड व सहकाऱ्यांनीं सरावानें रक्त व हिमोग्लोबिन या दोहोंचाही एकूण सांठा वाढतो, असें दाखविलें.

बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवच्या अविनाश साबळे यानें कोलोरॅडो स्प्रिंग्स येथें, म्हणजे त्याच पाइक्स शिखराच्या पायथ्याशीं, सराव केला. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतींत त्यानें ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें हुकलें.

या इतिहासांतून श्रोत्यांनीं एक व्यवहाराची गोष्ट ध्यानीं धरावी. एक ग्रॅम हिमोग्लोबिन घडण्यास सुमारें ३.४ मिलिग्रॅम लोह लागतें. पोटांत लोह नसतां नुसते पाय झिजवून रक्त वाढत नाहीं. म्हणून धावणाऱ्या मुलामुलींचा हिमोग्लोबिनचा आंकडा उतरला, तर तो पातळ रसाचा परिणाम कीं खरा पंडुरोग, हें शरीरांतील लोहाचा सांठा तपासूनच ठरवावें. पहिल्यास चिंता नको. दुसऱ्यास मात्र उपचार हवा, आणि तो वेळेवर हवा.