चिखल की डांबर? पिकअप गाडीची शंभर वर्षे

पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी गाडी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. बाजार समितीच्या आवारात कांद्याची पोती किंवा टोमॅटोचे क्रेट उतरवताना आपण ती रोज पाहतो. आपली पिकअप घेणारा माणूस साधारणपणे दोनच गोष्टी विचारतो : माल किती जातो आणि गाडी पळते किती. अमेरिकेत, जिथे ही गाडी जन्माला आली, तिथे मात्र गिऱ्हाईकापुढे आणखी एक प्रश्न टाकला जातो. टोयोटा कंपनीची टाकोमा ही पिकअप घ्या. २०१६ ते २०२३ या काळातील तिच्या पिढीत एकच सांगाडा, एकच ३.५ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि एकच हौदा घेऊन दोन वेगवेगळे साज विकायला होते. एकाचे नाव 'स्पोर्ट', दुसऱ्याचे 'ऑफ-रोड'. हवा तो घ्या !

वरवर पाहता हा हौसेचा मामला वाटतो. अर्धाअधिक तो तसा आहेही. परंतु गाडीखाली वाकून पाहिले, तर तिथे यंत्रशास्त्रातील एक खरा पेच दिसतो. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९०४ साली अमेरिकेच्या सरकारने देशातील ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली. रस्ते भरले सुमारे २१.५ लाख मैल. त्यांपैकी खडी, मुरूम वगैरे टाकून सुधारलेले रस्ते होते जेमतेम ७ टक्के. बाकीची सगळी मातीची वाट. पाऊस पडला की चिखल आणि चिखल वाळला की घोडागाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ मध्ये बाजारात आली ती या रस्त्यांसाठी. उंच चाके, जमिनीपासून बराच वर असलेला तळ, आणि पुढच्या व मागच्या आसावर आडवा बसवलेला एकेक कमानपाटा. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर असले तरी गाडी अंग मुरडून पुढे जात असे. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक मॉडेल टी ही 'ऑफ-रोड' गाडी होती. पण तसे कुणी म्हणत नव्हते. रस्ताच नाही, तर रस्ता सोडून जाण्याला नाव कशाला लागेल ?

शेतकऱ्यांनी या मोटारीची मागची बाजू कापून तिथे लाकडी खोकी बसवायला सुरुवात केली. ते पाहून फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवलेली गाडी आणली. किंमत २८१ डॉलर. मागे उघडता येणारा फाळका, बाजूला खुंट रोवायला खोबण्या आणि भार पेलणारे दणकट पाटे. इंजिन २० अश्वशक्तीचे. पहिल्याच वर्षात अशा सुमारे ३४ हजार गाड्या खपल्या. यात साज निवडण्याचा प्रश्नच नव्हता. नांगर विकत घेताना कुणी त्याचा साज विचारतो का ?

मग रस्ते सुधारू लागले. १९५६ साली केंद्रीय महामार्गाचा कायदा झाला आणि ४१ हजार मैलांच्या द्रुतगती मार्गांचे जाळे विणायला घेतले गेले. याच सुमारास पिकअपच्या वंशाला दोन फांद्या फुटल्या, आणि हा योगायोग नव्हे असे आम्हांला वाटते.

पहिली फांदी चिखलाकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारे लष्करी ट्रक डॉज कंपनीने बनवले होते. युद्ध संपताच, १९४६ मध्ये, त्याच यंत्रणेवर 'पॉवर वॅगन' ही नागरी गाडी आली. जंगलखाते, खाणी, विजेच्या तारा टाकणारे कामगार अशा मंडळींनी ती घेतली. शेव्हर्लेने १९५७ मध्ये आणि फोर्डने १९५९ मध्ये आपल्या पिकअपला चारचाकी जोर कारखान्यातच द्यायला सुरुवात केली.

दुसरी फांदी डांबराकडे वळली. शेव्हर्लेची १९५५ ची 'कॅमिओ कॅरियर' ही गाडी शेतकऱ्यासाठी नव्हतीच. हौद्याच्या बाजू बाहेरून गुळगुळीत, त्यावर काचतंतूच्या प्लॅस्टिकचे आवरण, दोन रंगांची रंगसंगती. माल पूर्वीइतकाच जाई; गाडी मात्र बंगल्यापुढे शोभून दिसे. चार हंगामांत अशा दहा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. खप मोठा नव्हे. परंतु तोच सांगाडा, वरून वेगळा साज आणि वेगळी किंमत, हे गणित कारखानदारांना उमगले.

पुढे या गणितात वेगही आला. १९७८ मध्ये डॉजने लाल रंगाची, सोनेरी नक्षीची आणि केबिनमागे दोन उभी धुराडी असलेली 'लिल रेड एक्सप्रेस' आणली. त्या वेळी अमेरिकेत मोटारींच्या धुरावर कडक नियम आले होते. मात्र भारासह कमाल वजन ६००० पौंडांहून जास्त असलेल्या मालवाहू गाडीला धूर शुद्ध करणारा उत्प्रेरकी परिवर्तक बसवण्याची तेव्हा सक्ती नव्हती. या फटीतून डॉजने गाडी बाहेर काढली आणि कित्येक दिमाखदार मोटारींना ती वेगात भारी पडली. कायद्यातील पळवाट पुष्कळ जण शोधतात; तिच्यावर सोनेरी नक्षी काढणारे विरळा !

या फांदीचे टोक म्हणजे १९९१ ची जीएमसी 'सायक्लोन'. टर्बो बसवलेले २८० अश्वशक्तीचे इंजिन. एका अमेरिकन मासिकाने तिची सरळ रेषेत फेरारीशी शर्यत लावली आणि पिकअप पुढे गेली. पण तिच्या हौद्यात माल किती भरायला परवानगी होती ? ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो. पन्नास किलोची चार पोती टाकली की पाचवे खाली ठेवायचे. पासष्ट वर्षांपूर्वी ओझी वाहण्यासाठी जन्मलेली गाडी आता ओझेच नाकारू लागली होती.

चिखलाच्या फांदीलाही दरम्यान शर्यतीचे वेड लागले होते. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी, तेराशे किलोमीटरहून अधिक लांबीची, वाळवंटातील शर्यत सुरू झाली. शर्यतीआधी वाट पाहून ठेवण्यासाठी स्पर्धक दुसरी एक दणकट गाडी घेऊन जात. त्या गाडीला ते 'प्री-रनर' म्हणत. १९९८ मध्ये टोयोटाने हेच नाव आपल्या टाकोमाच्या एका प्रकाराला दिले आणि त्याच सुमारास 'ऑफ-रोड' साजही आणला. शेव्हर्लेचा 'झेड-७१' हा असाच साज १९८८ पासून होता. वाळवंटातील धूळ अशा रीतीने दुकानात विकायला आली.

आता पुन्हा त्या टाकोमाखाली वाकून पाहू. पहिला फरक मागच्या आसावर आहे.

मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये १.६ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक किती जास्त चालेल ? वर्तुळाच्या पाव परिघाचे सूत्र वापरा : १.६ × ३.१४ ÷ २, म्हणजे सुमारे अडीच मीटर. वळण मोठे असो की लहान, फरक तेवढाच. (विद्यार्थ्यांना हे चटकन पटत नाही. मैदानावर फक्की मारून दाखवावे.) दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बांधली, तर त्यांपैकी एकाला घसटत जावे लागेल. यावर ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची जी जुळणी योजली, ती म्हणजे डिफरन्शियल. तिच्यामुळे दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात.

पण या सोयीची एक किंमत आहे. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखेच आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, देते. एक चाक चिखलात रुतले आणि दुसरे कोरड्या खडकावर आहे अशी कल्पना करा. चिखलातले चाक फिरवायला अगदी थोडा जोर पुरतो. तेवढा मिळताच ते गरगर फिरू लागते. मग खडकावरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. इंजिन कितीही ताकदवान असले तरी येथे ते हतबल असते. उपाय एकच : डिफरन्शियलला कुलूप घालायचे, दोन्ही चाके तात्पुरती एकत्र बांधून टाकायची. आपल्याकडे काळ्या रानात ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. एक चाक फिरू लागले की तो डिफरन्शियल लॉकचा पायटा दाबतो, आणि वळण्यापूर्वी न चुकता सोडतो. न सोडण्याचे परिणाम त्याने एकदा तरी भोगलेले असतात.

'ऑफ-रोड' टाकोमाला विजेच्या बटणावर चालणारे हे कुलूप आहे, 'स्पोर्ट'ला नाही. तिच्यात गरगरणारे चाक ब्रेकने धरले जाते. विरोध वाढला की दोन्हीकडचा जोर वाढतो, हे तत्त्व त्यामागे आहे. ओल्या डांबरावर एवढे पुरते. खोल चिखलात किंवा एक चाक अधांतरी असताना कुलपाची सर त्याला येत नाही.

दुसरा फरक टायरवर लिहिलेला असतो. 'ऑफ-रोड'वर २६५/७०-आर-१६ आणि 'स्पोर्ट'वर २६५/६५-आर-१७. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे. शेवटचा आतल्या लोखंडी कड्याचा व्यास, तो मात्र इंचात. (मोजमापांची ही खिचडी जगभर चालते.) हिशेब करू. पहिल्या टायरची भिंत २६५ × ०.७० = १८५.५ मि.मी.; दोन भिंती आणि १६ इंच मिळून बाहेरचा व्यास होतो सुमारे ७७७ मि.मी. दुसऱ्याची भिंत सुमारे १७२ मि.मी., आणि बाहेरचा व्यास ७७६ मि.मी. म्हणजे चाक तेवढेच ! 'स्पोर्ट'चे चाक मोठे दिसते ते कडे मोठे आणि रबर कमी म्हणून. उंच भिंत दगडावर दबते, हवा थोडी कमी केली की जमिनीशी जास्त पसरून बसते. हीच भिंत महामार्गावर वेगाने वळताना बाजूला झुकते, आणि सुकाणू फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा प्रतिसाद देते. कमी उंचीची भिंत नेमके उलटे वागते. एकच टायर दोन्ही ठिकाणी उत्तम असू शकत नाही, आणि पेच तो हाच.

धक्के शोषणाऱ्या नळकांड्यांचेही तसेच. ती धक्क्याची ऊर्जा तेलात घुसळून उष्णतेत बदलतात. खडबडीत वाटेवर तासन्‌तास चालल्यावर तेल तापते, त्याला फेस येतो आणि नळकांडे निकामी होऊ लागते. तेलावर वायूचा दाब ठेवला की फेस होत नाही. बिल्स्टीन कंपनीची 'ऑफ-रोड'मधील नळकांडी या प्रकारची आहेत. 'स्पोर्ट'मध्ये वळणावर गाडी कमी कलावी अशी ताठ जुळणी आहे. शिवाय 'ऑफ-रोड'च्या पुढच्या बंपरखालची हवा अडवणारी पट्टी काढलेली असल्याने ती २९ ऐवजी ३२ अंशांच्या चढाला नाक न घासता भिडते.

आणि बोनेट ? 'स्पोर्ट'च्या बोनेटवर हवा आत घेणारे ऐटबाज तोंड आहे. ते बंद आहे. त्यातून इंजिनाला हवा मिळत नाही. कॅमिओच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचे हे थेट वारसदार म्हणायला हरकत नाही.

दणकट दिसण्याच्या हौसेची दुसरी बाजू एवढी निरुपद्रवी नाही. उंच आणि उभे नाक हा अमेरिकन पिकअपचा अलीकडचा थाट. तेथील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचे बोनेट ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांची पादचाऱ्याला धडक बसल्यास तो दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्के जास्त असते. चाळीस इंच म्हणजे जवळपास एक मीटर. सहा वर्षांचे मूल एवढ्या उंच नाकापुढे उभे राहिले, तर चालकाला फार तर त्याचे डोके दिसेल.

तेव्हा गिऱ्हाईकाने काय घ्यावे ? आठवड्यातून एकदा तरी नदीच्या पात्रात, डोंगरातल्या शेतावर किंवा बर्फातल्या कच्च्या वाटेवर जाणाऱ्याने कुलूप असलेला आस घ्यावा; ते नंतर बसवणे खर्चाचे आणि कटकटीचे असते, टायर मात्र केव्हाही बदलता येतात. रोज साठ-सत्तर मैल महामार्गावर धावणाऱ्याला 'स्पोर्ट'ची ताठ बैठक सोयीची. आणि ज्याला विटा, खत, गवताच्या पेंढ्या वाहायच्या आहेत, त्याने दोन्ही साज बाजूला ठेवून दाराच्या चौकटीवरील पट्टी वाचावी. त्या विशिष्ट गाडीत माणसे आणि माल मिळून किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेले असते. साजातील जड वस्तू वाढल्या की तो आकडा तेवढ्या पौंडांनी खाली येतो.